खुर्चीतून उठताना : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

संगणकापुढे बसून काम करणाऱ्यांनी व्यायामाबद्दल मोकळेपणाने लिहावं, असं मी गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं आली ती निम्मी व्यायामाची आणि निम्मी नाचाची. मला फार आनंद झाला. मी अकरा वर्षं संगणकावर पुस्तकांची पानं लावायचं काम केलं, पुढे व्यायाम शिकवायला लागले, आणि आता शिकवते ते बहुतेक नाचातूनच. त्यामुळे ही पत्रं मला माझ्याच जुन्या टेबलावरून आल्यासारखी वाटली. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही. सहा पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : ताई, माझं वय ४३. काम हिशेबाचं, रोज नऊ-दहा तास संगणकापुढे. आजवर तीन वेळा जिम लावली, एकदाही पंधरा दिवसांवर टिकली नाही. पण कानात हेडफोन असले की टेबलाखाली पाय आपोआप ठेका धरतात. बायको म्हणते, ‘गुडघ्याखाली तुम्ही उत्तम नाचता.’ आता मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमात पालकांचा नाच आहे आणि तिने मला न विचारता माझं नाव देऊन टाकलंय. सात आठवडे उरलेत. टेबलाखाली पाय हलवणं व्यायामात धरायचं का? आणि आधी जिमला जाऊन अंग तयार करू, मग नाच शिकू, असं केलं तर?

उत्तर : आधी पायांचं. धरा, पण किती धरायचं ते सांगते. पोटरीला शरीराचं दुसरं हृदय म्हणतात. पायांतलं रक्त वर चढवायचं तर पोटरीच्या स्नायूंनी आतल्या शिरा दाबाव्या लागतात, आणि शिरांमधल्या झडपा ते रक्त पुन्हा खाली येऊ देत नाहीत. तासन्‌तास बसलं की हा पंप जवळजवळ थांबतो. म्हणून संध्याकाळी पाय जड होतात, मोज्याची खूण घोट्यावर खोल उमटते. टाच वर-खाली केली की पंप चालू. तुमचे पाय गेली कित्येक वर्षं तुमच्या नकळत तुमची काळजी घेतायत, त्यांना शाबासकी द्या.

मात्र मांड्या, कुल्ले, पाठ, फुप्फुसं यांच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही. स्वस्थ बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तिला एक मेट म्हणतात. बसून किंवा लोळून केलेलं, दीड मेटपर्यंतचं काम बैठं धरतात. भरभर चालणं तीन मेटच्या पुढे जातं, नाचही तीनच्या पुढेच, आणि जोरात नाचलं तर सहाच्याही वर. टेबलाखालचा ठेका सुरुवात म्हणून चांगला, पण तो टेबलाबाहेर आला पाहिजे.

आता जिमचं. आधी अंग तयार करायचं आणि मग नाचायचं, हा क्रम मला पटत नाही. तीनदा जिम सुटली म्हणून स्वतःला आळशी समजू नका. जिमने तुम्हाला फळ सहा महिन्यांनी देऊ म्हटलं, गाणं ते पहिल्या अर्ध्या मिनिटात देतं. ज्याचे पाय आपोआप हलतात त्याने नाचापासूनच सुरुवात करावी. ताकदीचे व्यायाम लागतातच, पण ते मागाहून जोडता येतील.

हे मी अनुभवाने सांगते. संगणकावरच्या कामाच्या अकराव्या वर्षी माझी कंबर धरली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला कुठे दुखतंय हे विचारण्याआधी एका पायावर उभं राहायला सांगितलं. उजव्या पायावर उभी राहिले. डावा मात्र चार सेकंदांत डगमगला आणि मी भिंत धरली. त्या म्हणाल्या, ‘पाय अधू नाही. त्याला इतक्या वर्षांत कुणी काही विचारलेलंच नाही.’ कुल्ल्याच्या बाजूला एक स्नायू असतो. आपण एका पायावर असतो तेव्हा कंबर दुसऱ्या बाजूला झुकू न देणं हे त्याचं काम. बसलेल्या माणसाला त्याची गरजच पडत नाही. शिवाय मांडीला पोटाशी जोडणारे स्नायू खुर्चीत सतत आखडलेले राहतात, मग उभं राहिल्यावर ते कंबरेला पुढे ओढतात. आणि नाच म्हणजे तरी काय? वजन या पायावरून त्या पायावर, पुन्हा या पायावर. माझ्या डाव्या पायाला जे कुणी विचारलं नव्हतं, तेच नाच दर ठोक्याला विचारतो.

तर आज संध्याकाळी एवढं करा. खुर्ची मागे सारा. अनवाणी उभे राहा, दोन पायांत कुल्ल्यांइतकं अंतर, गुडघे किंचित सैल. तुमचे पाय ज्यावर हमखास हलतात तेच गाणं लावा. उजव्या पायाची फक्त टाच उचला, चवडा जमिनीवरच राहू दे. आता ठेका पडेल तेव्हा ती टाच खाली सोडा. नवशिके ठेक्यावर टाच उचलतात आणि मग सगळं अर्धं पाऊल मागे पडतं. उचलायचं दोन ठेक्यांच्या मधे, ठेक्यावर सोडायचं. गाण्यातला धप् आणि जमिनीवरचा धप् एक झाले की तळव्यातून पोटरीत, पोटरीतून कुल्ल्यात काहीतरी चढत गेलेलं जाणवेल. आठ वेळा उजवी टाच, आठ वेळा डावी. मग चार-चार, मग दोन-दोन, मग एक-एक. एक-एकवर आलात की थांबू नका, कारण तिथे तुम्ही नाचत असता. खांदेही बघा. दिवसभर की-बोर्डवर हात ठेवून ते कानांजवळ गेलेले असतात. श्वास सोडताना त्यांना खाली पडू द्या.

पहिले दोन आठवडे रोज एक गाणं, मग दोन. तिसऱ्या आठवड्यापासून शाळेच्या नाचाच्या स्टेप्स घ्या, आणि त्या मुलीकडूनच शिका. तिने न विचारता नाव दिलं कारण तिला बाबा तिथे हवे आहेत. ती चुका काढेल, काढू द्या. नाचताना बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपत दम लागला म्हणजे मध्यम व्यायाम झाला. दोन-चार शब्दांवरच श्वास अडायला लागला तर तो जोरकस. सुरुवातीला मध्यमवरच राहा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेलं माप असं : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. पूर्वी सलग दहा मिनिटं झाली तरच ती धरायची, अशी अट होती. ती आता नाही. चार मिनिटांचं एक गाणंसुद्धा तुमच्या खात्यात जमा होतं.

एखादा दिवस चुकेल. तीन वेळा जिम सुटली ती अशाच एखाद्या चुकलेल्या दिवसानंतर सुटली असणार, असं मला वाटतं. लंडनच्या एका विद्यापीठातला सवयींवरचा २०१० चा अभ्यास मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ आणि कुणाला थेट २५४. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी गाणं लावा, झालं. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर मात्र नाच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

कार्यक्रम झाला की मला नक्की कळवा.

प्रश्न : मी रोज पहाटे तासभर व्यायाम करते. त्यानंतर दहा तास संगणकापुढे. बहीण म्हणते, इतकं बसल्यावर सकाळचं सगळं वाया जातं. खरं आहे का?

उत्तर : वाया अजिबात जात नाही. २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये, आठ तासांहून जास्त बसण्याने वाढणारा अकाली मृत्यूचा धोका जवळजवळ दिसेनासा झाला होता. तुम्ही त्याच गटात बसता. बहिणीला हे वाचून दाखवा.

बहिणीची काळजी मात्र निराधार नाही. बसण्याचा प्रश्न पहिल्यांदा ठळकपणे पुढे आला तो लंडनच्या दुमजली बसमधून. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ मध्ये दाखवलं की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. गाडी तीच, रस्ता तोच, फरक जिन्याचा. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. १९५६ मध्ये त्यांनी याच लोकांच्या गणवेशांची मापं तपासली, तर चालकांच्या कंबरा तरुण वयातही वाहकांपेक्षा मोठ्या निघाल्या. म्हणजे काही फरक आधीपासूनचा होता, सगळा दोष सीटवर टाकता येत नव्हता, आणि हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं.

पहाटेचा तास हृदयाला पुरतो, पण मान आणि कंबर दुपारी तीन वाजता आखडतात तेव्हा तो तास खूप मागे गेलेला असतो. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोंचं, आणि ते पडद्याकडे जितकं पुढे झुकेल तितका भार मानेच्या मागच्या स्नायूंवर वाढतो. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं उठा. फोन आला की उभं राहूनच घ्यायचा, हा नियम मी स्वतःला लावला होता आणि तो आजही सुटलेला नाही. दिवसभर उभं राहायचं टेबल घेऊ का, असंही तुम्ही पुढे विचारलंय. नुसतं उभं राहिल्यानेही पाय सुजतात. बसणं-उठणं आलटून-पालटून होत असेल तरच घ्या.

प्रश्न : माझ्या मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं. काल खुर्चीत बसून मॅच बघताना मी बराच वेळ टाळ्या वाजवल्या, तर त्याने मी चाललो असं समजून अभिनंदन केलं! १०,००० पावलांचा आकडा असा पुरा झाला तर मनाला लागतं. तो आकडा इतका महत्त्वाचा आहे का?

उत्तर : मनाला लागतं हे वाचून बरं वाटलं, पावलं तुम्हाला खरी हवी आहेत. घड्याळ मनगटावर असतं, त्याला हाताची हालचाल कळते. पाय उचलला की नाही हे त्याला हातावरूनच ताडावं लागतं.

१०,००० हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि आकडा जगभर गेला. २०२२ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज झाली. तीत साठीच्या पुढच्यांमध्ये ६,००० ते ८,००० पावलांच्या आसपास आणि त्याहून लहान वयाच्यांमध्ये ८,००० ते १०,००० च्या आसपास मृत्यूचा धोका कमी होणं स्थिरावलेलं दिसलं. त्याआधीचं प्रत्येक हजार पाऊलही उपयोगाचंच. आणि वेग बघायचा असेल तर घड्याळ काढून ठेवा, स्वतः मोजा : मिनिटाला १०० पावलं पडली की बहुतेक प्रौढांचं ते मध्यम व्यायामाचं चालणं.

प्रश्न : मी २० वर्षांचा, कॉम्प्युटर शिकतो. दिवस-रात्र कोडिंग, मधे गेम. मित्रांबरोबर नाचायची वेळ आली की मी सगळ्यांच्या पायांकडे बघून तसंच करतो, तरी कायम मागे पडतो. ते व्हिडिओ काढतात. मला तालच कळत नाही बहुतेक. काही उपाय?

उत्तर : तुझ्या पत्रातलंच एक वाक्य तुला परत वाचायला लावते : ‘सगळ्यांच्या पायांकडे बघून तसंच करतो.’ अरे, मग मागे पडणारच! दुसऱ्याचा पाय पडलेला डोळ्यांना दिसणार, मग तुझा पाय निघणार. तोवर ठेका पुढे गेलेला असतो. तू ताल ऐकतच नाहीस, तू लोकांची नक्कल करतोयस, आणि नक्कल मूळच्या मागूनच येते. ताल धरताना कान पुढचा अंदाज घेतो. ठोका येणार हे आधी कळतं म्हणून पाय वेळेवर पडतो.

तालाची जाण अजिबात नसणारी माणसं असतात, पण फार विरळा. २००९ मध्ये दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवून त्यांच्या मेंदूतल्या लहरी टिपल्या गेल्या. अपेक्षित ठोका गाळला की बाळांच्या मेंदूत लगेच हालचाल दिसली. जे दोन दिवसांच्या बाळाकडे आहे ते तुझ्याकडेही असणार, असं मी धरून चालते. त्याच वर्षी स्नोबॉल नावाच्या काकाकुव्यावरचा अभ्यास आला. गाण्याचा वेग कमी-जास्त केला तरी तो पक्षी त्या वेगाशी जुळवून डोलत होता. २०१९ मध्ये त्याच्या नाचात चौदा वेगवेगळ्या हालचाली मोजल्या गेल्या. त्या त्याला कुणी शिकवल्या नव्हत्या.

उपाय असा. डोळे मीट. गाण्यातला सगळ्यात खालचा आवाज शोध, ढोलाचा किंवा बेसचा. शब्दांकडे लक्ष देऊ नकोस, ते फसवतात. फक्त हनुवटी हलव, मग हनुवटी आणि छाती, मग गुडघे. पाय सगळ्यात शेवटी. पहिल्या पत्राच्या उत्तरात टाच सोडायची पद्धत दिली आहे, ती आठवडाभर कर.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण तुला कुणीतरी ऐकवलीच असेल. शिकवायला लागल्यापासून मी ती वापरायची सोडली, कारण माझ्यापुढे येणाऱ्या कित्येकांचं अंगण खरोखर वाकडं असतं. गुळगुळीत फरशीवर मोजे घातलेले, मान पडद्याच्या सवयीने पुढे आलेली, कुल्ले खुर्चीने आखडलेले. आधी अंगण सरळ करायचं. मोजे काढ, मान मागे घे. आणि व्हिडिओ काढणाऱ्यांना स्पष्ट सांग, मला आवडत नाही. मैत्री असेल तर थांबतील.

प्रश्न : दोन वर्षांनी पहिल्यांदाच अर्धा तास नाचले. त्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशीही ठीक, आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्यांनी असहकार पुकारला. चुकलं का काही?

उत्तर : थोडं जास्त झालं, एवढंच. हे दुखणं उशिराच येतं, साधारण एक ते तीन दिवसांनी जास्तीत जास्त, आणि उतरताना जास्त जाणवतं, कारण तेव्हा स्नायू लांबत असतानाच भार पेलतो. लॅक्टिक ॲसिड साचल्याने दुखतं असं अजूनही सांगितलं जातं. ते तर तासा-दीड तासात रक्तातून निघून गेलेलं असतं. सवय नसलेल्या हालचालीने स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते, ती भरून येताना दुखतं. गादीवर पडून राहू नका, सावकाश चाला. पुढच्या खेपेला दहा मिनिटं. लघवी गडद तपकिरी झाली किंवा अंग सुजलं तर मात्र तडक डॉक्टर.

प्रश्न : मी तुमच्यापेक्षा वयाने मोठी, ६८ वर्षांची, तरी ताईच म्हणते. निवृत्तीनंतर संगणक शिकले आणि आता आठवणी टाइप करायचा नाद लागलाय, रोज पाच-सहा तास कसे जातात कळत नाही. मधे एखादं जुनं गाणं लागलं की उठून नाचावंसं वाटतं. मुलगा म्हणतो, ‘आई, पडशील, त्यापेक्षा चाल.’ मला चालण्याचा कंटाळा आहे. खोलीचं दार बंद करून नाचलं तर चालेल का?

उत्तर : मावशी, नाचा. मुलाची भीती मायेपोटी आहे, पण पडायचं नसेल तर तोल सांभाळायचा सराव लागतो, आणि तो बसून होत नाही. मघाशी सांगितलेल्या २०२० च्या शिफारशींत ६५ च्या पुढच्यांसाठी वेगळं सांगितलंय : आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद या दोन्हींना काम देणारी हालचाल हवी. नाचात दोन्ही एकदम येतात. मुलाला हे दाखवा.

आणखी एक गोष्ट त्याला सांगा. न्यूयॉर्कमध्ये पंच्याहत्तरीपुढच्या ४६९ जणांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं, २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणं यांबरोबर कमी स्मृतिभ्रंश दिसला. शारीरिक हालचालींत मात्र तो कमी दिसला एकट्या नाचाबरोबर. नाचामुळेच तसं झालं असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही, कारण ज्यांची बुद्धी आणि पाय तल्लख आहेत तीच माणसं नाचायला जात असतील. तरी पाऊल आठवायचं, ठेका ऐकायचा, तोल धरायचा हे सगळं एकाच वेळी करायला लावणारी दुसरी हालचाल मला माहीत नाही. आणि आठवणी लिहिणाऱ्या बाईने मधेच उठून जुन्या गाण्यावर नाचावं, यापेक्षा त्या आठवणींना तरी आणखी काय हवं?

आता नीट ऐका. जी खुर्ची दिवसभर तुम्हाला धरून ठेवते, तिचाच आधार घ्यायचा, पण चाकांची खुर्ची नको. चार पायांची, जड, भिंतीला टेकवलेली हवी. तिच्या पाठीवर एक हात ठेवायचा. संगणकाची वायर पायात येणार नाही अशी बाजूला करा, सतरंजी उचलून ठेवा, घसरणारी चप्पल नको. बसलेल्या जागेवरून एकदम उठून गिरकी घेऊ नका. उठल्यावर रक्तदाब सावरायला मिनिटभर द्या, त्या वेळात जागच्या जागी टाचा वर-खाली करा. रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा गुडघ्याचं काही ऑपरेशन झालं असेल, तर आधी एकदा डॉक्टरांना विचारा. पहिल्या आठवड्यात गाण्याचं एक कडवंच पुरे. पाय ओढून घेऊ नका, उचलून ठेवा.

आणि दार खुशाल लोटून घ्या, फक्त आतून कडी लावू नका.